पुस्तकात नसलेली पोळी

शकूच्या ओठाला पिवळं लागलं व्हतं. पाण्याची घागर डोक्यावर तशीच, म्या दारात उभी, आन माजी चार वर्षाची लेक भिंतीला टेकून बसलेली, दोन्ही हात पिवळे, हनुवटी पिवळी, जिभेवर पिवळं, आन माज्याकडं बगून हसायलती. मांडीवर तिच्या बापाची रंगाची करवंटी. "आय, गोड न्हाय लागली," म्हणली. एवढंच म्हणली. घागर कवा कलंडली, पाणी कुठं गेलं, मला ठावं न्हाय. त्या साली पाणी सांडणं म्हंजी पाप व्हतं, घागरभर पाण्यापायी बाया एकमेकीच्या झिंज्या उपटायच्या, पर माजी भरली घागर माज्याच पायावर सांडली आन मला वल लागल्यालीबी कळली न्हाय. म्या तिच्या तोंडात बोट घातलं, पदरानं जीभ पुसली, पदर पिवळा झाला, परत पुसली, परत पिवळा. किती खाल्लंस, किती खाल्लंस? तिनं आधी दोन बोटं दावली, मग पाच. तिला मोजताच यायचं न्हाय.

आमच्या घरात पिवळं दोन तऱ्हेचं असायचं. एक पिवडी, ती निव्वळ माती, लेकरानं खाल्ली तरी लई तर पोट दुखंल. दुसरा हरताळ, त्यो इखार. सोन्यावानी झळझळीत अक्षर काढायचं आसलं की हे, म्हंजी माजे मालक, हरताळ घ्यायचे, साध्या कामाला पिवडी. सुकी पूड आसली तर कळतं म्हणं, डिंकाच्या पाण्यात कालवली की माज्यासारखीला कळत न्हाय. करवंटीत त्या दिवशी कोंचं व्हतं ते एकट्या ह्यांना ठावं, आन हे सकाळच्या गाडीनं तेरखेड्याकडं भिंती रंगवायला गेलते. आता परवाच यायचे.

हे समदं आता का आठवायलंय, तर परत चैत आलाय. लिंबाला मोहर आलाय, दुपारचं वारं चुलीतनं आल्यावानी याय लागलंय, आन साळेत परीक्षा लागल्यात. शकू आता तिसरीत हाय. व्हय, जगली ती, ते आधीच सांगते, न्हायतर तुमचा जीव टांगणीला राहील. टांगणीला लागलाय त्यो माजा जीव, आन त्यो येगळ्याच गोष्टीपायी. परीक्षेच्या दिसात आमच्या गल्लीतनं चाललं की एका दारातनं पाढे येत्यात, दुसऱ्या दारातनं कविता, लेकरं वरडून वरडून वाचत्यात आन त्यांच्या आया भाकऱ्या थापता थापता आयकत्यात, त्यांच्या तोंडावर कसलं समाधान आसतंय. मला मातर लेकीचा वाचायचा आवाज आला की हातातलं पीठ गार पडल्यावानी वाटतं. ती समदं वाचती. एसटीची पाटी वाचती, पुडीचा कागुद सोडवून वाचती, खताच्या पोत्यावरचं उलटं छापलेलं मान वाकडी करून वाचती. हे कवतिकानं म्हणत्यात, पोरगी कलेक्टर व्हती का काय. म्या हसते. आन माजी नजर आपसूक पेटीकडं जाती, कारण पेटीच्या तळाला, माज्या लग्नातल्या शालूखाली, एक चित्राचं पुस्तक म्या दडवल्यालं.

लोकं म्हणत्यात बहात्तरचा दुष्काळ. पर त्याची खरी आग लागली ती फुडच्या चैतात, आदल्या सालाचं घरातलं समदं संपल्यावर. तेरणा नदी म्हंजी नुसती वाळूची पांढरी वाट झालती, बैलगाड्या तिच्यातनं चालायच्या. चिमण्या कुठं गेल्या कुणास ठाव. सकाळी उठलं की आवाज एकच, दगडावर हातोडी, दगडावर हातोडी. आमी समद्या बाया खडी फोडायला जायचो, रस्त्याच्या कामावर, गरीब बी आन बरी बी, ज्यांच्या दाराम्होरनं आमी कवा मान वर करून गेलो न्हाय त्या घरच्या सुना बी डोक्यावरचा पदर दातात धरून आमच्या शेजारी बसायच्या. खडीचा धुराळा पापण्यावर बसायचा. लाल मिलोची, भायेरच्या देशातनं आल्याल्या जवारीची, भाकर आसायची, तिचा वास मला अजून येतो, वल्या पोत्यावानी. लेकरास्नी सुकडी मिळायची, मूठभर, पिवळसर, गोडूस. शकू ती मुठीत धरून एकेक कण खायची, संपू ने म्हणून. मग मूठ उघडायची, रिकामी बगायची, परत मिटायची. जरा येळानं परत उघडून बगायची. हे मला त्या समद्या सालातलं लई जास्त आठवतंय, तिचं ते मूठ उघडून बगणं.

आन तसल्या सालात म्या पेंटरची बायको. शेतकऱ्याला निदान आभाळाला शिव्या तरी देता येत्यात. पेंटरला कोण इचारतंय दुष्काळात? लग्नं थांबली, मग दारावर गणपती काढायला कोण बोलावणार. दुकानं बंद, मग पाट्या कशाच्या. बैल इकले, मग शिंगं रंगवायची कुणाची. ह्यांच्या हातात कला लई, हे माणसाचं तोंड बगून तसंच्या तसं उतरवायचे, पर कला म्हंजी भाकर न्हवं. त्या दिसात एकच काम मिळायचं, सरकारचं, गावोगावच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल तिरकोण काढायचा आन खाली आय-बाप दोन लेकरं. हे मला म्हणायचे, "अगं, म्या इतकी हसरी घरं काढायलोय भिंतीवर, की मलाच त्या घरात जाऊन ऱ्हावं वाटतंय." आन एक काम घरी व्हतं, गावातल्या सोसायटीचा लाकडी बोर्ड. चेअरमनला अक्षरं सोन्यावानी पायजे व्हती. दुष्काळात सोसायटीचं दार उघडं हाय हे लांबनं दिसाय पायजे म्हणं.

हे सांगायला पायजे, की शकूनं त्या दिसापतोर कवा रंगाला हात लावला न्हवता. रांगत व्हती तवाच तिला कळालं व्हतं. करवंट्या कायम भुईलाच आसायच्या, पाटाजवळ, वरून फडकं टाकलेलं. ह्यांनी तिला एकदाच सांगितलं व्हतं, ह्यो दादाचा रंग, ह्यो सापावानी, बगायचा, धरायचा न्हाय. बापाला ती दादाच म्हणती. आन ती फडक्याला वळसा घालून जायची. बाकीच्यांची लेकरं आली आन करवंटीकडं वाकली तर हीच त्यांना दम द्यायची. चार वर्षं. चार वर्षांत एकदाबी न्हाय.

मग त्या चैतात काय झालं?

कामावर लेकरं सांबाळायला एक बाई आलती, शहरातली, चष्मा लावायची, झाडाखाली पोतं टाकून लेकरं बसवायची आन गाणी म्हणायची. सुकडीच्या पोत्यासंगं कुठनं तरी चार-दोन पुस्तकं आलती, त्यातलं एक तिनं शकूला दिलं, चित्रकाराची पोरगी हाय म्हणून. घरी न्हे म्हणली, आयकडनं वाचून घे, मग परत आण. असं पुस्तक म्या जल्मात बगितलं न्हवतं. कागुद असा गुळगुळीत की बोट सरकून जायचं. आत एक गरीब चित्रकार, त्याची बायको, एक पोरगी आन एक मांजर. ऱ्हायला वरच्या माळ्यावर, कोटाला ठिगळं. मराठीत लिवल्यालं व्हतं पर माणसं भायेरच्या मुलखातली, गोरी गोरी. खिडकीतनं बर्फ पडताना दावला व्हता. म्या शकूला सांगितलं, ह्यो कापूस हाय, त्यांच्या गावात कापूस लई पिकतोय. तसल्या उन्हात बर्फ तिला समजवायचा तरी कसा?

शकूला पुस्तक लई आवडलं. म्हणायची, ह्यो माणूस दादासारखा हाय, ही तू हायेस, ही म्या हाय. मांजर तेवढं आपलं न्हाय. पान उलटायच्या आधी त्यांच्या तोंडाकडं बगायची. मला बी ते पुस्तक आवडलं, खोटं कशाला बोलू. त्यातली बायको चुलीफुडं हात बांधून उभी व्हती आन चूल इझल्याली व्हती, आन तिच्या तोंडावर जे व्हतं ते म्या रोज पाण्याच्या पातेल्यात बगायची.

मधल्या पानावर रिकामं ताट व्हतं. बाजूला चित्रकार उभा, आन त्याच्याम्होरं पडद्यावर त्यानं काढल्यालं मोठ्ठं गोल, पिवळं, सोन्याचं. पोरगी त्याच्याकडं बगत तोंडात बोट घालून उभी.

एक दिवशी टँकरच्या वळीत शेजारची कांताबाई मला म्हणलती, सगळ्यांसमक्ष, "पेंटरीणबाई, तुमच्या मालकाला सांगा की एक टँकर काढा आमच्या भिंतीवर, नळ तेवढा मोठा काढा म्हणावं." बाया हसल्या. म्या बी हसले. कांताबाईचं तोंड तसलंच, पर कुणाचं मढं उचलायचं आसलं, बाळतीण आडली आसली, तर पयली तीच पळायची. तर ते तिचं बोलणं माज्या डोक्यात ऱ्हायलं. आन सांच्याला शकू रडायलती. भाकर संपलती, तिला अजून पायजे व्हती. हट्ट न्हवता त्यो, हट्टाचं रडणं येगळं आसतंय, आयला कळतं. म्या पुस्तक काढलं, तेच पान आलं, आन म्या म्हणले, "ही बग, त्यानं पोळी काढली. पुरणाची. आन पोरीनं पोळीला बोट लावलं तर बोटाला तूप लागलं. मग तिनं बोट चाटलं, तर गोड. मग आजून चाटलं, आजून चाटलं, आन तिचं पोट भरलं, आन ती झोपली."

शकू रडायची थांबली. त्या गोलाकडं बगत बसली. मग झोपली बी.

आता लोकं म्हणतील, बिचारी चवथी शिकल्याली, तिला वाचता आलं नसंल. तसं न्हाय. मोठाले शब्द मला अडत्यात, जोडाक्षराला म्या ठेचकाळते, पर त्या पानावर काय लिवलं व्हतं ते म्या वाचलं व्हतं. त्यानं सूर्य काढला व्हता. थंडीत गारठलेल्या पोरीसाठी त्यानं सूर्य काढला व्हता, आन फुडच्या पानावर खालच्या मजल्यावरची म्हातारी त्यो सूर्य बगायला येती आन येताना पाव घिऊन येती. सूर्य मला वाचता आला व्हता. पर तवा आमच्या डोक्यावर इतका सूर्य व्हता, की उपाशी लेकराला आजून एक सूर्य म्या द्यावा कसा? म्या पोळी सांगितली. आन पोळी लागू पडली. मग दुसऱ्या दिशी बी सांगितली. तिसऱ्या दिशी. आठ दिस म्या त्या पोळीवर लेकराला झोपवलं, रोज तूप वाढवत गेले, रोज वेलदोडा वाढवत गेले. हे घरी नसायचे त्या येळंला, भिंती रंगवून उशिरा यायचे, त्यांना ह्यातलं काय ठावं न्हवतं.

नवव्या दिशी टँकर आला. भोंगा आयकला आन म्या घागर घिऊन पळाले. शकूला म्हणले, बस, आलेच.

वळीत किती येळ गेला सांगता येत न्हाय. आले तवा फडकं बाजूला, करवंटी मांडीवर.

म्या तिला काखंत मारली, करवंटी हातात घेतली आन पळत सुटले. कांताबाईनं दारातनं बगितलं, काय झालं म्हणून इचारलं बी न्हाय, माज्या मागं पळाली. तेर कोसभर लांब. नदीतनं वाट, वाळूत पाय रुतत्यात, पाय भाजत्यात, चप्पल कुठं गेली. शकू आधी बडबडत व्हती, पळतीयास का, कुठं चाललीयास, मग गप बसली. मग म्हणली पोटात दुखतंय. मग माज्या खांद्यावर ओकली, आन ओकारी पिवळी. म्या एकच जप करायलते, पिवडी आसू दे, माती आसू दे. देवा, माज्या लेकरानं माती खाल्ली आसू दे. कुठली आय असलं मागणं मागती?

तेरला ज्यांच्याकडनं हे रंग घ्यायचे ते म्हातारे अत्तारचाचा दुकानात बसल्याले. जडीबुटी, सुगंधी तेलं, रंगाच्या पुड्या. म्या करवंटी त्यांच्याम्होरं धरली. वाटंत माज्या जपातनं कांताबाईला कळालं व्हतं, तिनं सांगितलं. चाचांनी एकदा शकूच्या तोंडाकडं बगितलं आन आधी आत हाक मारली, शेळीचं दूध आणा, जेवढं हाय तेवढं. मग लोखंडी पळी घेतली, करवंटीच्या काठाला सुकल्यालं पिवळं नखानं खरवडून पळीत टाकलं आन पळी निखाऱ्यावर धरली.

"बेटी, आता बगत ऱ्हा," म्हणले. "पिवडी आसली तर लाल होईल, इटकरीवानी. माती भाजली की लाल होतीच. हरताळ आसला तर लसणाचा वास येईल."

म्या त्या पळीकडं बगत व्हते. तसं म्या आजपतोर कशाकडं बगितलं न्हाय, माज्या लेकराच्या तोंडाकडं बी न्हाय. मागं चाचांची सून शकूला दूध पाजायलती, ती एक घोट घ्यायची आन ओकायची. पळीतलं पिवळं हललं. लाल हो. लाल हो. कडंला जरा काळं पडलं. मला वाटलं लाल व्हायलंय, म्या म्हणले बी, झालं ना चाचा, लाल झालं ना? चाचांनी पळी निखाऱ्यात आजून खाली दाबली. आन मग वास आला. कुणाच्या तरी घरी लसणाची फोडणी बसल्यावानी, घरच्यासारखा, चांगला, भूक लागंल असला वास.

पाच वर्षं झाली, म्या भाजीत लसूण घातला न्हाय. ह्यांना वाटतं मला सोसत न्हाय.

चाचांनी दुकान तसंच उघडं टाकलं, स्टँडावर आले, धाराशिवची गाडी निघालती ती आडवं होऊन थांबवली. कंडक्टर चिडला, मग त्यानं शकूचं तोंड बगितलं आन मधली समदी माणसं उठवून आमाला बसवलं. गाडी मधी कुठं थांबली न्हाय, हात करणारी माणसं मागं मागं पडत गेली. शकूचं डोकं माज्या मांडीवर, घामानं केस चिकटल्याले, ती मला म्हणली, "आय, त्या पोरीला गोड कशी लागली?" म्या तिच्या तोंडावर हात ठिवला. कांताबाई शेजारी बसल्ती, तिनं आयकलं का न्हाय मला कळलं न्हाय. तिनं मला कवा इचारलं न्हाय. फुडं दोन सालानं ती गेली, तवा तिच्या मढ्याम्होरं बसून म्या लई रडले, लोकास्नी वाटलं किती माया.

दवाखान्यात रबराची नळी घातली तिच्या पोटात. मला भायेर काढलं. आतनं तिचा आवाज आधी यायचा, मग बंद झाला, तवा आधीचा आवाज बरा व्हता असं वाटलं. डॉक्टर तरणे व्हते, भायेर आले आन म्हणले, दोन दिस काय सांगता येत न्हाय. ओकली ते बरं झालं, दूध पाजलं ते बरं झालं. पर दोन दिस.

ते दोन दिस कसले व्हते काय सांगू. खाटंपाशी भुईला म्या बसायची, तिची बोटं धरून, नखाच्या कडंला पिवळं व्हतं ते निघंना. पंखा नुसता आवाज करायचा. ती मधीच डोळं उघडायची आन माज्याकडं न्हाय, भिंतीकडं बगायची. मला त्या भिंतीची भीती वाटायची, तिथं तिला काय दिसतंय ह्याची.

दुसऱ्या दिशी दुपारी डॉक्टर फेरीला आले, तिची नाडी बगितली, डोळ्याची खालची पापणी वडून बगितली आन जरा सैल झाले. म्हणले वाचंल बहुतेक. आन मग तेच झालं. माणूस सैल झालं की रागावतं, तसे ते माज्यावर रागावले. म्हणले, इतकं जहर लेकराच्या हाताशी येतंच कसं? कसली माणसं हाय तुमी? असं कसं खाल्लं तिनं?

म्या सांगणार व्हते. खरं सांगते, शब्द ओठात व्हता, की म्या तिला पोळी म्हणून सांगितलं. पर डॉक्टरांच्या चष्म्यात मला माजंच तोंड दिसलं, आन दुसराच शब्द भायेर आला.

"ह्यांनी रंग उघडा ठिवला व्हता."

आन पाठीमागं कायतरी खाली पडलं. म्या वळले. दारात हे उभे. निरोप मिळाला तसे तेरखेड्याहून निघालते, कपड्यावर लाल रंगाचे थेंब, पिशवी हातातनं सुटल्याली. त्यांनी आयकलं व्हतं. डॉक्टर आता त्यांच्याकडं वळले. हे आत आले, शकूच्या खाटंजवळ गेले, तिला हात लावायला गेले आन आपला हात बगून मागं घेतला. आन एवढंच म्हणले, "व्हय. माजीच चूक."

म्या वाकून परत शकूच्या नखातलं पिवळं काढाय लागले.

आता ह्यात खोटं म्हणलं तर काय हाय? रंग उघडाच व्हता की. फडक्याखाली म्हंजी उघडाच. दुसऱ्या कुणाच्या घरात फळीवर चढवून ठिवला आसता. असं म्या माज्या मनाला सांगत आल्येय, भाकरी थापताना, धुणं आपटताना. पर चार वर्षं तसाच उघडा व्हता, आन पोरीनं शिवला न्हवता. ते मला ठावं हाय. त्यांना न्हाय.

गावी आल्यावर त्यांनी समद्या करवंट्या, पुड्या, बुरुश गोळा केले, गावाभायेर खड्डा खोदला आन पुरले. त्यातला एक बुरुश त्यांच्या वस्तादानं दिल्याला, खारीच्या शेपटीच्या केसाचा. म्या म्हणले तेवढा तरी ठिवा. माज्याकडं बगितलं न्हाय. सोसायटीचा बोर्ड अर्धा पिवळा, अर्धा तसाच, त्यो दुसऱ्या कुणीतरी पुरा केला, त्याची अक्षरं बसकी हायेत. मग पाऊसपाणी झालं, गावात दूध सोसायटी निघाली, तिथं ह्यांना काम लागलं. पहाटं कॅन धुवायचे, दूध मापायचं, कॅन गाडीत चढवायचे. घरात रोज दूध याय लागलं, शकू अंगानं भरली, लोकं म्हणली पेंटरचं बरं झालं. खरंच बरं झालं. पर कवा कवा हे जेवता जेवता ताटातल्या आमटीत बोट बुडवून ताटाच्या कडंला रेघ वडत्यात, एक वळणदार रेघ, पक्ष्याचा गळा आसावा तशी, आन लगेच पुसून टाकत्यात. म्या बगते. म्या बगितलं हे त्यांना कळू देत न्हाय.

गावातल्या भिंतीवरचे त्यांचे तिरकोण उन्हानं पांढरे पडल्यात. आय-बाप, दोन लेकरं, समद्यांची तोंडं गेल्यात, हसू तेवढं जरा जरा दिसतंय.

पुस्तक मातर माज्याकडंच ऱ्हायलं. परत द्यायला गेले तवर काम बंद झालतं, चष्म्याची बाई गेलती. जाळावं म्हणलं तर हात धजंना. आतल्या त्या बायकोला जाळायचं कसं?

आता गेल्या ऐतवारी काय झालं ते सांगते. दूध सोसायटीनं नवी इमारत बांधलीय, दगडी, चांगली. तिचे चेअरमन सकाळी आमच्या दारात आले. बाजंवर बसले, पाणी घेतलं, इकडचं तिकडचं बोलले. म्हणले, भिंत चुन्यानं पांढरी केलीय, आता तिच्यावर एक गाय पायजे, वासराला चाटणारी, आन ती तुमीच काढायची, धाराशिवचा पेंटर आमाला नको. हे हसले, न्हाय म्हणले. चेअरमन म्हणले, अवं, किती दिस? तुमच्यासारखा हात ह्या चार गावात न्हाय, त्यो दुधात बुडवून वाया घालवायलात. हे तरीबी न्हाय म्हणले. मग चेअरमननी कारण इचारलं, आन ह्यांनी पयल्यांदा, पाच सालात पयल्यांदा, परक्या माणसाला सांगितलं. हळू सांगितलं, खाली बगून. "माज्या हातानं माजं लेकरू जाणार व्हतं, चेअरमन. बुरुश धरला की मला तिचं तोंड दिसतं."

म्या चुलीफुडं. माजी पाठ त्यांच्याकडं. भाकर तव्यावर.

आन शकू. मला वाटलं ती भायेर खेळायलीय. ती आतल्या खोलीतनं आली, आन तिच्या हातात ते पुस्तक. परीक्षेसाठी कोरा कागुद हुडकत व्हती म्हणं, पेटी उघडली, शालू वर केला. ती पुस्तक उघडून वाचत वाचतच भायेर आली, बोट ठिवून, तिला वाचताना चालायची सवयच हाय. "दादा," म्हणली, "आय म्या लहान व्हते तवा हे पान चुकीचं सांगायची. पोळी म्हणायची. चाटली की गोड लागती म्हणायची. ही पोळी न्हायच मुळी, ह्यो सूर्य हाय. हे बगा, इथं लिवलंय."

खुशीत म्हणली. आयची चूक सापडली म्हणून लेकरं खुश व्हत्यात तशी.

ह्यांनी पुस्तकाकडं बगितलं. त्या पिवळ्या गोलाकडं लई येळ बगितलं, चित्र बगायची त्यांची जी जुनी नजर व्हती त्या नजरंनं. मग मान वर करून माज्याकडं बगितलं. रागानं न्हवं. इचारल्यावानी. जसं काय एखादं जड वझं कुणीतरी त्यांच्या डोक्यावरनं उतरवायला आलंय, आन ते वाट बगायलेत.

तवा मला बोलता आलं आसतं. एका शब्दाचं काम व्हतं. पर त्या एका शब्दामागं पाच सालं उभी व्हती, खड्डा व्हता, खारीच्या केसाचा बुरुश व्हता, दवाखान्याचं दार व्हतं, आन चेअरमन बाजंवर बसल्याले.

म्या भाकर उलथली आन म्हणले, "लेकरू हाय. कायबी बोलतंय. म्या कवा पुस्तक वाचलं हिच्याम्होरं?"

शकू माज्याकडं बगायली. तिनं पुस्तक मिटलं. तिला माहीत हाय की म्या वाचलं व्हतं. आन मला माहीत हाय की तिला माहीत हाय. चेअरमन उठले, बगा इचार करून म्हणले, गेले. हे कॅन धुवायला गेले.

आज चवथा दिस. परीक्षा सुरू हाय, गल्लीतनं समद्या लेकरांचे आवाज येत्यात, आन आमच्या घरात शकू ओठ मिटून वाचायली, नुसती नजर हलती. ह्यांनी मला इचारलं, पोरगी मोठ्यानं का वाचंना झालीय? म्या म्हणले, घसा बसला आसंल.

तुमी बी आया आसताल, तुमच्या बी घरात कुणीतरी तुमच्यावर इस्वास टाकून जेवत आसंल. त्या ऐतवारी तुमी माज्या जागी आसता, तवा तापल्याला, हाताला पीठ, एकीकडं नवरा वाट बगायलाय आन एकीकडं लेक खरं बोलून उभी हाय, तर तुमी काय म्हणला आसता?